डावं दार

मुंबईत टॅक्सीतून उतरणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलंच असेल: ‘दरवाजा धीरे, साहब!’ पैसे देऊन माणूस उतरला की टॅक्सीवाला मान वळवून एवढं म्हणायचाच. काही जण चुकून आपटायचे, काही मुद्दाम. मी कधी आपटलं नाही. पद्मिनीचं दार आपटायचं नसतं, आणि अलगद सोडूनही द्यायचं नसतं. तळहात काचेच्या खाली, हँडलच्या जरा वर टेकवायचा आणि दार चार बोटांवर आलं की एकदाच बेतानं रेटायचं. आत लॅच आधी पहिल्या दातावर येते, मग दुसऱ्या. दोन्ही आवाज वेगळे ऐकू आले पाहिजेत. एकच आला तर दार लागलेलं नाही.

हे मला कळतं, कारण ती दारं बसवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या बॉडी शॉपमध्ये. मुलगा झाला तेव्हा बाळ-बाळंतिणीला हॉस्पिटलातून घरी न्यायला टॅक्सी केली होती. मी दार लावण्याआधीच टॅक्सीवाल्यानं ‘धीरे’ म्हणून घेतलं. त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, ‘ये दरवाजा हमनेच बिठाया है.’ त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. ‘तो भाडा कम करूँ क्या?’ टाके दुखत असतानाही बायको हसली. भाडं त्यानं मीटरप्रमाणेच घेतलं आणि उतरताना बाळाच्या मुठीत सव्वा रुपया ठेवला.

गाडी मूळची इटलीची. फियाट ११००. ती कुर्ल्याला कशी आली याची गोष्ट जुने लोक जेवणाच्या सुट्टीत सांगत. वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांनी जहाजं चालवली, बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, आणि मोटारीच्या कारखान्यासाठी १९३९ पासून इंग्रज सरकारच्या मागे लागले. सरकारनं दाद दिली नाही. शेवटी १९४४ मध्ये कंपनी उभी राहिली. आधी डॉज, प्लायमाउथ अशा अमेरिकी गाड्या जोडल्या जात, मग पन्नासच्या दशकात फियाट आली. त्यातलं जुनं मॉडेल म्हणजे डुक्कर फियाट. गोल पाठ, फुगीर गाल, आणि पुढची दारं उलटी उघडणारी. ती दारं बसवलेली माणसं आमच्या वेळी निवृत्तीला आली होती. आमची गाडी बघून ती म्हणायची, तुमचं काय, तुमची सरळ उघडतात.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फियाटबरोबरचा करार संपला. काही काळ गाडी ‘प्रेसिडेंट’ झाली, आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. लोकांनी नाव ऐकून घेतलं आणि पुढेही फियाटच म्हणत राहिले. मीही घरी फियाटच म्हणायचो. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, त्यामुळे पुढे अखंड सीट आणि ड्रायव्हरच्या शेजारी ऐसपैस जागा. खिडकीत पुढे ती तिकोनी काच, जी वळवली की वारा थेट तोंडावर यायचा. मागे दोन्ही बाजूंना जरासे उचललेले पंख, अमेरिकी गाड्यांच्या फॅशनची इटालियन आठवण. इटलीत हे ११००डी मॉडेल १९६६ मध्येच बंद झालं होतं. आम्ही ते पुढे तीन दशकांहून जास्त काळ बनवत राहिलो. कुणी याला मागासलेपण म्हणतं. तसं म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, पण एकाच दारावर इतकी वर्षं हात फिरवल्यावर हाताला जे येतं ते दर चार वर्षांनी मॉडेल बदलणाऱ्याला येत नाही, हेही खरं आहे.

आमचा कारखाना लालबहादूर शास्त्री मार्गावर होता. पूर्वीचा आग्रा रोड. या नावाचं आम्हाला वेगळंच अप्रूप, कारण शास्त्रीजींची स्वतःची गाडी आमचीच. पंतप्रधान झाल्यावर घरच्यांच्या आग्रहानं त्यांनी १९६४ ची फियाट घेतली. किंमत बारा हजार, खात्यात सात हजार. उरलेले पाच हजार पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं तेव्हा कर्ज फिटायचं होतं; पत्नी ललिताबाईंनी ते आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात अजून उभी आहे. मी कामाला लागलो त्याच्या बरंच आधीची ही गोष्ट. पण देशाच्या पंतप्रधानाला जी गाडी कर्जाशिवाय परवडत नव्हती ती आपल्याला परवडत नाही, यात काय विशेष, असं म्हणून आम्ही पाळी सुटली की विद्याविहार स्टेशनकडे चालू लागायचो.

कारण खरेदीचा प्रश्नच नव्हता. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनाही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. नंबर लागलेला माणूस गाडी घ्यायच्या आधीच ती ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, घेऊन दुसऱ्याला विकू शकत असे. आमच्या चाळीत एका मुलीच्या लग्नाच्या बोलणीत ‘मुलाच्या काकांचा फियाटला नंबर लागलाय’ हे वाक्य मी कानांनी ऐकलंय. लोक माझ्याकडे चौकशीला येत, ‘तुझ्या ओळखीनं जरा पुढे सरकेल का?’ माझी ओळख दारांशी होती, हे त्यांना पटत नसे.

पत्रा प्रेसमधून येतो तेव्हा सगळे तुकडे सारखे असावेत अशी अपेक्षा असते. ते नसतात. डाय झिजते, पत्र्याचा लॉट बदलतो, वेल्डिंगच्या उष्णतेनं सांगाडा केसभर सरकतो. केसभर हे आमच्याकडे माप होतं. दार बिजागरीवर चढवलं की चारी बाजूंची फट बघायची. वरून घट्ट, खालून उघडं, असं दार आलं तर खाली लाकडी ठोकळा अडकवायचा, वरच्या चौकटीला खांदा लावायचा आणि गुडघ्यानं रेटा द्यायचा. किती, ते कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. पत्रा थोडा मागे येतोच, म्हणून हवं त्याहून जरा जास्त वाकवायचं. पण जरा म्हणजे जराच. पुढे गेलात तर दार कामातून गेलं. मग रबराची बीडिंग. नवं रबर फुगीर असतं, म्हणून कोरं दार नेहमी थोडं कडक ठेवायचं. वर्षभरात रबर बसतं आणि दार आपल्या जागेवर येतं. आज शोरूममध्ये पहिल्याच दिवशी मऊ लागणारं दार बघितलं की मला ते पुढं काय करील याची काळजी वाटते. ती माझी काळजी नाही, तरी वाटते.

हे शिकवलं उस्तादांनी. ते मेटल फिनिशिंगला होते. एका हातात डोली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, दुसऱ्यात हातोडी, खांद्यावर कानस टेकवलेली. पत्र्यातला खड्डा ते बघत नसत. सुती हातमोजा घालून तळवा फिरवत, आणि फिरवताना नजर भलतीकडेच, बहुतेक वेळा कँटीनच्या दिशेनं. उघड्या हाताला घाम असतो, हात अडखळतो. मोजा सरकतो, म्हणून खड्डा मोज्यातून कळतो. मला वाटायचं ही काहीतरी जुनी अंधश्रद्धा असेल. महिनाभर मोजा घातल्यावर मलाही कळायला लागलं, आणि मग घरी ताटांवर, बादल्यांवर, शेजाऱ्याच्या कपाटावर हात फिरवायची खोड लागली. बायकोनं त्यावर पुष्कळ बोलून घेतलं आहे.

आणि माझा जोडीदार. साताऱ्याकडचा, पाटण तालुक्यातला. मी उजवी दारं बसवायचो, तो डावी. तो डावखुरा होता, म्हणून त्याला ती बाजू दिली होती की ती बाजू मिळाल्यावर तो डावखुरा झाला, यावर आमच्यात एकमत नव्हतं. लाइनवर गाडी आली की ती नुसता सांगाडा असायची. काचा नाहीत, सीट नाहीत, रंग नाही. मी इकडच्या खिडकीतून, तो तिकडच्या. मधे मोकळी जागा. आमचं सगळं आयुष्य त्या जागेतून आरपार बोलून झालं. खोलीची पागडी, मुलांच्या शाळा, गावाकडचा वाटणीचा दावा, कामगार पुढारी डॉक्टर सामंतांच्या गेट मीटिंगमध्ये कोण काय बोललं. गाडी पुढे सरकली की वाक्य अर्धं राहायचं आणि पुढच्या गाडीतून पुरं व्हायचं.

डावी बाजू अवघड, असं तो म्हणायचा, आणि ते बरोबर होतं. ‘तुझं दार ड्रायव्हरचं. रोज एकच माणूस लावणार, त्याला त्याची सवय होणार. माझ्या मागच्या दाराला रोज नवी माणसं. कुणी सामान आपटेल, कुणी लटकेल, कुणी भांडून उतरेल.’ काळ्या-पिवळ्या टॅक्सीत उतारू फुटपाथच्या बाजूनं चढतो. मुंबईभर जी दारं आपटली गेली ती मुख्यतः त्याची होती.

त्याची एक चोरटी सवय होती. डाव्या मागच्या दाराच्या वरच्या बिजागरीच्या वर, आतल्या कडेला, जिथं कुणी बघत नाही तिथं तो सेंटर पंच लावून एक बारीक टिपका मारायचा. प्रत्येक दारावर नाही. मनासारखं बसलं तर. हे नियमात बसणारं नव्हतं. मी विचारलं, ‘कशासाठी रे?’ तो म्हणाला, ‘गावाकडं ढोराला डाग देतात तसं. हरवलं तर ओळखता यावं.’ उस्तादांना ठाऊक होतं. एकदा त्यांनी मोज्याचा अंगठा त्या टिपक्यावरून नेला, त्याच्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता पुढच्या गाडीकडे गेले.

रविवारी आम्ही कधी दादरला जायचो. टॅक्सी स्टँडवर हा उभ्या टॅक्सीचं मागचं दार उघडायचा, ‘चर्चगेट आएगा?’ म्हणून विचारायचा आणि तेवढ्यात अंगठा आत फिरवायचा. मग ‘नहीं, रहने दो.’ टॅक्सीवाले जे बोलायचे ते इथे लिहिता येणार नाही. पण कधी तरी अंगठा थांबायचा. तो दार लावायचा, दोन्ही आवाज ऐकायचा आणि माझ्याकडे बघून भुवई उडवायचा. त्या दिवशी भजी त्याच्याकडून.

१४ डिसेंबर १९८३ ला गुडगावला मारुतीची पहिली गाडी इंदिराबाईंच्या हस्ते दिली गेली. वर्तमानपत्रातला तो फोटो कँटीनमध्ये हातोहात फिरला. कुणी हसलं, कुणी गप्प बसलं. पुढे पहिली मारुती जवळून पाहिली तेव्हा जोडीदारानं तिचं दार लावलं. हलकं, एका बोटानं लागणारं. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, ‘याला माणूस लागला नसणार.’ पुढे आमच्याकडेही गाड्या बदलल्या. १९८५ मध्ये ११८ एनई आली, फियाट १२४ चं अंग आणि निसानचं इंजिन. नव्वदच्या दशकात त्याच कुर्ल्यात ऊनो. नव्या दारांना जिग होते, मापं होती. आमचे गुडघे नको होते. पण पद्मिनी चालू होती, कारण टॅक्सीवाल्यांना ती हवी होती. तिचे भाग गल्लोगल्ली मिळत, आणि ती कुठल्याही मेकॅनिकला समजे.

१६ जानेवारी १९९७ ला पवईत डॉक्टर सामंतांवर गोळ्या झाडल्या गेल्या. घाटकोपरच्या दवाखान्यात खाणकामगारांना तपासता तपासता जो माणूस आमच्या गेटपर्यंत आला होता, तो गेला. त्यांच्याबद्दल लोकांची मतं दोन आहेत, माझं एक आहे, पण ते इथे सांगायचा हा विषय नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर गेटवर उभं राहून पुढचं काही ठरवणारा आवाज उरला नाही, आणि ठरवण्यासारखंही फार उरलं नव्हतं. दोन हजारच्या आसपास पद्मिनी थांबली. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, जोडीदारानंही. तो पाटणला निघून गेला. मी डोंबिवलीला.

कारखान्याची जागा आज ओळखू येत नाही. प्रीमियर रोड हे नाव तेवढं आहे. रिक्षावाल्याला ते सांगितलं तर तो बरोबर नेतो. का पडलं असेल हे नाव, असा प्रश्न त्याच्या मनात येत नाही, आणि का यावा?

गाड्या मात्र शहरात फिरत होत्या, तोवर आम्ही होतो. मला कधी गाडी हवीशी वाटली नाही. हवं होतं ते मिळत होतं. लोकलच्या खिडकीतून पूल दिसला की त्यावरून काळ्या-पिवळ्या जाताना दिसायच्या, आणि त्यांतली काही दारं माझी असणार हे हिशेबानं खरं होतं. लेखक पुस्तकावर नाव घालतो, गवंड्याला आपण बांधलेली इमारत दाखवता येते. आमचं काम कुणाचं म्हणून ओळखलं जात नव्हतं, पण ते रस्त्यावर होतं. मग टॅक्सीला वयाची मर्यादा आली, आधी पंचवीस वर्षं, पुढे वीस. गाड्या भंगारात जाऊ लागल्या. आणि मुंबईत गाडी भंगारात जाते ती कुठे? कुर्ल्यालाच, सीएसटी रोडवर. एकदा मी तिथून जात होतो. एका दुकानाबाहेर दारांची थप्पी उभी होती, पिवळी, काळी, पांढरी, बदामी. आतला पोरगा ग्राहकासाठी हँडल काढत होता. त्याला घाई होती, तो हँडलचा स्क्रू उलटा फिरवत होता. मी त्याला दाखवलं. त्यानं विचारलं, ‘चाचा, गॅरेज है क्या आपका?’ मी म्हटलं, ‘नहीं.’ थप्पीतल्या डाव्या दारांच्या कडा मी तपासायला घेतल्या, तोच मालकानं हटकलं. घ्यायचं असेल तर हात लावा. त्याचंही बरोबर होतं.

जोडीदार पावसाळ्यात गेला. रस्ता खचला होता म्हणून मला दहाव्यालाच पोचता आलं. वहिनी म्हणाल्या, पावसात लाकडी दारं फुगतात, तर वाडीतल्या प्रत्येक घरात जाऊन हे रंधा मारून द्यायचे. पैसे घेत नसत. शेवटची दोन वर्षं हात थरथरायचा तरी जायचे. मी त्यांच्या घराचं मागचं दार लावून बघितलं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, त्या काही म्हणाल्या नाहीत.

२०२३ च्या सप्टेंबरात बेस्टची जुनी डबलडेकर थांबली, आणि ऑक्टोबर संपता संपता पद्मिनीची पाळी आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षं भरली. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, लोकांनी आठवणी लिहिल्या. सगळ्या आठवणी मागच्या सीटवर बसलेल्यांच्या. पहिलं प्रेम, पहिली नोकरी, मरीन ड्राइव्हवरचा पाऊस. त्या मी आवडीनं वाचल्या. एकातही कुणी ती गाडी बनवत नव्हतं.

गेल्या वर्षी मुलगा मला ठाण्याला एका ओळखीच्याकडे घेऊन गेला. तिशीतला तरुण, चांगली नोकरी, आणि पद्मिनी नव्यानं उभी करायचा नाद. दोन वर्षं खपून त्यानं ती तयार केली होती. रंग फिक्कट निळा, क्रोम इतकं लखलखीत की आपलाच चेहरा नको वाटावा. ‘काका, तुम्ही बघून सांगा.’ मी उजवी बाजू बघितली. फट वरपासून खालपर्यंत एकसारखी. हात फिरवला, मोजा नव्हता तरी कळलं की कुठेच काही नाही. मग मी वळसा घालून डावीकडे गेलो, मागचं दार उघडलं आणि बिजागरीच्या वर अंगठा नेला. गुळगुळीत.

‘हे दार बदललं का?’ मी विचारलं.

‘हो काका, मूळचं खालून सडलं होतं. हे कुर्ल्याहून आणलं.’

‘इथं, या कडेला, एखादा बारीक खड्डा होता का?’

तो जरा विचारात पडला. ‘बारीक खड्डे पुष्कळ होते. पेंटरनं पुट्टी भरून सगळे सारखे करून घेतले. का?’

‘सहज.’

मुलगा माझ्याकडे बघत होता. मी तळहात काचेखाली टेकवला आणि दार लावलं. एकच आवाज आला, मऊ, आणि दार पूर्ण लागलेलं होतं. नवी लॅच असावी, किंवा रबर कुठलं तरी वेगळं. त्या पोरानं आशेनं विचारलं, ‘बसलंय ना बरोबर?’

‘अगदी,’ मी म्हटलं. ‘आमच्या हातून असं एकही बसलं नव्हतं.’

तो खूश झाला, आणि चहा सांगायला आत गेला.